सायकलवाला किती पाण्यात?

रस्त्यावरचा पट्टीचा सायकलपटू ट्रायथलॉनकडे वळला की त्याच्याबद्दल दोन ठरलेली मते ऐकू येतात. एक असे, की शर्यतीतला सर्वांत मोठा तुकडा सायकलीचा, तेव्हा गडी अर्धी लढाई घरूनच जिंकून आला. दुसरे मत जलतरण तलावाभोवती वाढलेल्या मंडळींचे: लहानपणी पाणी अंगवळणी पडले नाही, तर पुढची सगळी मेहनत वाया. ही दुसरी मंडळी जोरात बोलतात, आणि त्यांचे ऐकत बसल्यामुळे वाशीमसारखा जिल्हा या खेळाच्या यादीत शिरण्याआधीच बाद होतो. माझ्या मते दोन्ही बाजू अपुऱ्या आहेत. सायकलपटू आधी कोणत्या प्रकारची सायकल चालवत होता आणि आता कोणत्या नियमांच्या शर्यतीत उतरतो आहे, हे विचारल्याशिवाय पाण्याची चर्चा व्यर्थ आहे.

टास्मानियाचा कॅमेरॉन वुर्फ घ्या. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तो नौकानयनात होता. पुढे लिक्विगास आणि कॅननडेलसारख्या संघांतून तो व्यावसायिक सायकलपटू झाला, पण नायक म्हणून कधीच नाही. नायकाला वाऱ्यापासून आडोसा द्यायचा, मागच्या गाडीतून बाटल्या आणून द्यायच्या, असल्या कामात त्याची उमेदीची वर्षे गेली. तिशी ओलांडल्यावर तो आयर्नमॅनला आला: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. इथे पुढच्याच्या चाकाला चिकटून जाता येत नाही, मध्ये १२ मीटर अंतर राखावेच लागते. घोळक्यात लपून दम वाचवण्याची विद्या इथे कुचकामी ठरते; टाइम ट्रायलवाल्यासारखे एकट्याने वारा कापत राहणे हेच कामी येते. २०१७ साली हवाईतल्या कोना येथील जागतिक स्पर्धेत वुर्फने सायकलीचा टप्पा ४ तास १२ मिनिटे ५४ सेकंदांत मारला. आधीचा विक्रम नॉर्मान श्टाडलरचा, २००६ चा. पुढच्या वर्षी वुर्फने स्वतःचाच विक्रम ४ तास ९ मिनिटांवर आणला, म्हणजे ताशी ४३ किलोमीटरच्या वर. तरीही त्याचा क्रमांक आधी १७ वा आणि मग ९ वा. तलाववाले इथेच टाळी मागतात: बघा, विक्रम करूनही हरला! पण २०१९ साली तोच ५ वा आला, आणि त्याच हंगामात इटलीची आयर्नमॅन त्याने पावणेआठ तासांच्या आसपास जिंकली. सायकल तर त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. ही चढण बाकीच्या दोन अंगांमुळे आली, आणि तीही मिसरूड फुटण्याच्या वयात नव्हे, चौतिशी-पस्तिशीत. २०२० मध्ये इनिऑससारख्या बलाढ्य संघाने त्याला पुन्हा रस्त्यावर बोलावले, यातच काय ते आले.

बाकीची नावे भराभर सांगतो. २०१४ ची दोफिने सायकल शर्यत जिंकणारा अँड्र्यू टलान्स्की २०१७ मध्ये निवृत्त होऊन ट्रायथलॉनला आला; तिथे त्याला तितके यश मिळाले नाही. लान्स आर्मस्ट्राँग मुळात ट्रायथलॉनचाच पोरगा, परत आला आणि उत्तेजकांच्या बंदीत अडकला. त्याच्यावर शाई खर्च करणे नको. थांबायला हवे ते ब्रिटनच्या एमा पूलीपाशी. बीजिंग ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायलचे रौप्य, २०१० चे जागतिक विजेतेपद, आणि २०१४ पासून स्वित्झर्लंडमधल्या त्सोफिंगेनची लांब पल्ल्याची डुएथलॉन एकदा सोडून चारदा. तिथे १० किलोमीटर धावणे, १५० सायकल, पुन्हा ३० धावणे. पाण्याचा थेंबही नाही, आणि तरी स्पर्धा जागतिक विजेतेपदाची! आपल्याकडे मात्र डुएथलॉन म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याची पळवाट, अशी नाके मुरडली जातात. सायकलीवर कंबरेत वाकून चार तास काढलेला माणूस खाली उतरून धावू लागतो, तेव्हा पहिले दोन किलोमीटर मांड्या त्याच्या मालकीच्या नसतात. पावले आखूड पडतात, श्वास जुळत नाही. ट्रायथलॉनचा हा खरा अवघड सांधा डुएथलॉनमध्येही पुरेपूर भोगावा लागतो.

यावर रास्त आक्षेप असा, की ऑलिंपिकच्या पल्ल्यात, म्हणजे दीड किलोमीटर पोहणे, ४० सायकल आणि १० धावणे, यात चाकाला चिकटून जाण्याची मुभा आहे; पाण्यातून मागे राहिलेला एकटा सायकलवाला पुढचा घोळका गाठू शकत नाही. हे मला शंभर टक्के मान्य आहे. पुण्याचे कौस्तुभ राडकर जलतरणातून येऊन आयर्नमॅनचे नामांकित प्रशिक्षक झाले, आणि २०२५ च्या उत्तराखंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत डॉली पाटील व मानसी मोहिते यांनी ट्रायथलॉनचे सुवर्ण-रौप्य महाराष्ट्रात आणले, याचा अभिमानच आहे. पण त्यावरून तलावाशिवाय पाऊल टाकूच नये हे कसे निघते? लहान पल्ल्याचा नियम मोठ्या पल्ल्याला लावणे म्हणजे शंभर मीटरच्या निकषाने मॅरेथॉनचा धावपटू निवडणे.

विदर्भाचा दाखला तर उलट दिशेचा आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ ट्रायथलॉन करत करत लांब पल्ल्याच्या सायकलीकडे वळले, २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली, आणि २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे ९,००० किलोमीटरहून मोठे अंतर कापले. या मुलखात जे मुबलक आहे तिकडेच ते गेले. वाशीमला एकबुर्जी धरणाचे पाणी पिण्यालाच लागते. रस्ता मात्र आहे. वाशीम ते अकोला जाऊन-येऊन आणखी थोडे फिरले की आयर्नमॅनचे १८० किलोमीटर भरतात, आणि वाटेत मेडशीपुढे पातूरचा घाट फुकटात मिळतो. दुःख वेगळेच आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, त्यावर सायकलीला बंदी. जुन्या रस्त्यांवर ट्रकांचे राज्य. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात, त्या शाळेपर्यंत जातात आणि दहावी-बारावीनंतर ओसरीत गंजतात. त्यांतल्या एकीने किती वेगाने पाच किलोमीटर कापले हे कुणी घड्याळ लावून पाहत नाही. जलतरण तलावाचा प्रस्ताव मंजूर होईल तेव्हा होवो. तोवर मंगरूळपीर रस्त्याचा एक तुकडा महिन्यातून एका रविवारी पहाटे पाच ते आठ बंद ठेवायला पोलिसांचे चार शिपाई, वेळ टिपायला शाळेचे दोन क्रीडाशिक्षक आणि दोन धावांच्या मध्ये सायकली टेकवायला बांबूची एक आडवी दांडी, एवढ्यावर जिल्ह्याची पहिली डुएथलॉन याच हिवाळ्यात होऊ शकते.