चेंडू हातात येण्याआधी

न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांचा 'की-ओ-राही' हा खेळ शिकवताना बहुतेक ठिकाणी सुरुवात चेंडू झेलण्यापासून होते. ती 'तातू'पासून व्हायला हवी, असं माझं मत आहे. तातू म्हणजे खेळापूर्वी दोन्ही संघांनी एकत्र बसून नियम ठरवणं. खेळाडू किती, मैदान केवढं, धावणाऱ्याला अडवायचं ते कमरेची पट्टी खेचून की अंगाला भिडून, हे सगळं त्या बैठकीत ठरतं. गावोगावी आणि शाळाशाळांत या खेळाची रूपं वेगळी दिसतात ती यामुळेच. बाहेरचा माणूस या विविधतेला खेळाचा कच्चेपणा समजतो. मैदानावर काय चालतं ते नीट पाहिलं, तर हा समज टिकत नाही.

मैदान गोल असतं. मधोमध 'तुपू' नावाचं लक्ष्य असतं. शाळेत त्यासाठी एखादं पिंपही चालतं. त्याच्याभोवती आखलेली रिंगणं असतात आणि बाहेरच्या बाजूला 'पोऊ' म्हणजे खांब, प्रचलित प्रकारात सात. चेंडू, म्हणजे 'की', लहान आणि गोल. पूर्वापार पद्धतीत तो हाराकेके या झाडाच्या पातींचा विणलेला असतो. दोन संघांची कामं मात्र एकसारखी नसतात, आणि नवख्याची गाडी इथेच अडते. 'कीओमा' संघाने चेंडू घेऊन पोऊंना स्पर्श करायचा आणि मग तो आतल्या रिंगणात न्यायचा. तोवर जमवलेले गुण खात्यात जमा होत नाहीत. 'तानिफा' संघाने चेंडू फेकून तुपूचा वेध घ्यायचा. रग्बी किंवा नेटबॉल खेळून आलेल्याला समोर प्रतिस्पर्ध्याचं टोक आणि पाठीमागे आपलं, अशी सवय असते. इथे तसं टोकच नाही. धोका चारही बाजूंनी येतो, त्यामुळे नजर सतत फिरती ठेवावी लागते. शिवाय कीओमाच्या खेळाडूला क्षणोक्षणी हिशेब करावा लागतो, की आणखी एका पोऊला हात लावायचा की आहे तेवढं घेऊन आत शिरायचं. लोभ आणि सावधपणा यांची ही ओढाताण हे खेळाचं खरं कौशल्य आहे, आणि ती किती ताणली जाईल हे तातूत ठरलेल्या गोष्टींवर अवलंबून असतं. मैदान मोठं असेल तर चपळ पायांना मोकळीक मिळते. अंगाला भिडायची मुभा असेल तर तोच हिशेब पार बदलतो. म्हणून ज्याने नियम ठरवण्यात भाग घेतला, त्यालाच तो नियम मैदानावर काय करतो हे लवकर उमगतं. नुसता ऐकलेला नियम पाळला जातो खरा, पण तो समजतोच असं नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की दरवेळी नियम बदलले तर स्पर्धा कशी होणार? उत्तर सोपं आहे: स्पर्धेचे नियम आधी ठरवून सर्वांना देता येतात. तेही एका अर्थाने तातूच, फक्त आयोजकांच्या पातळीवर झालेलं. आणि कायमचे छापील नियम ही खेळांच्या इतिहासातली तशी अलीकडची गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉलची नियमावली 1863मध्ये आणि रग्बीची 1871मध्ये तयार झाली. त्याआधी एका शाळेचा खेळ दुसऱ्या शाळेच्या खेळाशी जुळत नसे आणि सामन्यापूर्वी बोलून घ्यावं लागे. आपल्या कबड्डीतही संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार होतेच. पुढे एकच प्रमाण रूप रूढ झालं, त्याचा फायदा झाला हे खरं. पण बाद गडी परत जिवंत होतो की नाही यावर अंगणात घातलेला वाद त्यात संपला. की-ओ-राहीने तो वाद खेळाचाच भाग म्हणून राखला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बोलण्यात तरबेज असलेला किंवा दांडगा संघ आपल्या सोयीचे नियम लादणार नाही का? इथे खेळाची रचना मदतीला येते. सामन्याच्या मध्यावर संघ भूमिका बदलतात. कीओमाचे तानिफा होतात आणि तानिफांचे कीओमा. तुपूचं रक्षण कठीण करून ठेवणाऱ्यालाच थोड्या वेळाने तुपू राखावं लागतं. अर्थात यालाही मर्यादा आहे. भिडण्याची मुभा धिप्पाड संघाला दोन्ही भूमिकांत लाभदायकच ठरते, अदलाबदलीने ती विषमता जात नाही. तिथे शिक्षकाने मध्ये पडावं. लहान मुलांना पट्ट्या बांधून खेळवतात ते योग्यच आहे.

तिसरी शंका अस्सलपणाची. वेल्क्रोच्या पट्ट्या, प्लास्टिकचे शंकू, पिंप. यात पारंपरिक काय उरलं? 1867च्या नेटिव्ह स्कूल्स कायद्यानंतर माओरी मुलांचं शिक्षण इंग्रजीतून होऊ लागलं आणि रग्बीही माओरींनी आपलीशी केली. मुख्यतः माओरी खेळाडूंच्या 'नेटिव्ह' संघाने 1888-89च्या एकाच दौऱ्यात रग्बीचे 107 सामने खेळले. अशा काळातून आलेल्या खेळाच्या साधनांत बदल झाले तर नवल नाही. टिकायला हवा तो त्यामागचा व्यवहार. राहितूताकाहिना आपल्या बायकोला पातुपाइआरेहे या अद्भुत लोकांच्या तावडीतून सोडवायला निघतो, ही कथा या खेळाशी जोडलेली आहे आणि मैदानाची मांडणी तिच्या आधारे समजावून सांगितली जाते. कथा सांगायची आणि नियम बोलून ठरवायचे, एवढं राहिलं तर पिंपाची अडचण नाही.

2005मध्ये मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेतल्या 31 हजार शाळांसाठी जगभरच्या खेळांचा एक कार्यक्रम आखला, तेव्हा न्यूझीलंडतर्फे की-ओ-राहीची निवड झाली. प्रसार म्हणून हे मोठंच. पण सूचनापत्रिकेतून पोऊ किती आणि गुण कसे मोजायचे हे पोचतं. समोरच्या संघाशी घासाघीस करून एक नियम मान्य करून घेणं आणि एक सोडून देणं, हे पोचत नाही. वेळ नाही म्हणून जो शिक्षक तातू गाळून थेट शिट्टी वाजवतो, तो मुलांना गोल मैदानावरची पळापळ शिकवतो, की-ओ-राही नव्हे.