मृत साठ्यातले रहिवासी

पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं, की इंदापूरच्या पट्ट्यात उजनी धरणाची टक्केवारी वेगळी विचारावी लागत नाही. माणसं देवळाकडे धाव घेतात. मला मात्र त्या वेळी अलीकडचा गाळ पाहावासा वाटतो. अजून ओल धरलेल्या चिखलात परातीएवढे गोल खळगे दिसतात, एकाशेजारी एक, कडा उचललेल्या. ही चिलापीची घरटी. नरानं तोंडानं गाळ उपसून, शेपटीनं झाडून केलेली. पाणी निघून गेलं आणि खळगे उघडे पडले. आसपास शिंपले आ वासून पडलेले असतात. त्यांना पाण्याच्या वेगानं सरकता आलेलं नसतं.

खळग्यात अंडी मात्र नसतात. चिलापीची मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिल्लं पोहायला लागेपर्यंत ती तिथंच वाढतात. पाणी हटलं, की मादी पाळणा तोंडात धरूनच पाण्यामागं जाते. काठच्या दगडाला, पाणवनस्पतीला अंडी चिकटवणाऱ्या माशाला ही सोय नाही. त्याची अंडी असतात तिथंच सुकतात. आफ्रिकेतला हा मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला. आज भिगवणच्या बाजारात त्याचेच ढीग लागतात. पुण्याकडून मुळा-मुठेतून येणारं मैलापाणी त्याला इतर माशांपेक्षा अधिक मानवतं हे खरंच, पण मला त्याहून मोठं कारण या चिखलात दिसतं. वर-खाली होणाऱ्या पाण्यानंच त्याची निवड केली आहे.

उजनीचा हिशोब इतर धरणांपेक्षा निराळा आहे. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून अधिक, 63.66 टीएमसी, मृत साठा. टक्केवारी मोजायची ती वरच्या 53.57 टीएमसीवर. म्हणून वर्तमानपत्रात ‘उजनी शून्यावर’ असं छापून येतं तेव्हाही धरणात साठ टीएमसीहून अधिक पाणी असतं, आणि मग उणे टक्के सुरू होतात. पूर्ण पातळी 496.83 मीटर, मृत साठ्याची 491.03. अंतर जेमतेम सहा मीटर. पण सपाट मुलखात सहा मीटर उतरलं, की काठ कुठल्या कुठे जातो. शेतकरी पाइप जोडत, केबल वाढवत, चारी खोदत पाण्याचा पाठलाग करतात.

2023 मध्ये पावसानं ओढ दिली, धरण भरलं नाही. 2024 च्या जानेवारीतच ते मायनसमध्ये गेलं आणि जूनमध्ये उणे साठच्या आसपास पोचलं. म्हणजे 117 पैकी सुमारे 31 टीएमसी. ज्याला आपण मृत म्हणतो, त्यातलाही निम्मा संपला होता.

त्या पाण्यात काय होत असेल? मासे तेवढेच, जागा कमी. मोठा मासा लहानाला सहज गाठतो, पक्षी दोघांना. खाद्य काठावर असतं, तिथले किडे, गोगलगायी, शेवाळ उन्हात वाळून गेलेलं असतं. दाट हिरव्या पाण्यात दिवसा शैवाल प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो वापरतं, म्हणून पहाटेची वेळ माशांना सर्वांत जड जाते. आणि याच दिवसांत बारीक आसाचं वडाप जाळं ओढलं जातं. बोटाएवढी पिल्लंसुद्धा त्यातून सुटत नाहीत. खुल्या पाण्यात विखुरलेला मासा वाचतो, डबक्यात गोळा झालेला वाचत नाही. पोटासाठी जाळं टाकणाऱ्या भोई कुटुंबांना दोष देणं सोपं आहे. वडाप बंद झालंच पाहिजे, पण मासा डबक्यात गोळा केला तो त्यांनी नव्हे.

मत्स्यशास्त्रज्ञ व्ही. व्ही. सुगुणन यांच्या 1995 च्या अहवालात भारतातल्या लहान जलाशयांचं सरासरी मत्स्योत्पादन हेक्टरी 49.90 किलो दिलं आहे, मोठ्यांचं अवघं 11.43. लहान तलावात पावसाळ्यात बोटुकली सोडायची आणि उन्हाळ्यात, पाणी आटलं की, सगळं धरायचं. तिथं आटणं हाच सुगीचा काळ. मोठ्या धरणाला हे लागू होत नाही. तिथं मे महिन्यात उरलेला मासा पुढच्या वर्षाचं बियाणं असतो.

कटला, रोहू, मृगळ यांची अडचण आणखी वेगळी. हे मासे साचलेल्या पाण्यात विणीला बसत नाहीत. त्यांना पहिला पूर लागतो, गढूळ, वाहता, काठावर पसरणारा. भीमेच्या खोऱ्यात तो पूर आधी खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, चासकमान अशा वरच्या धरणांत अडतो. ती भरत आली, की मग दौंडहून उजनीत येणारा विसर्ग वाढतो. पावसाळ्यात सोलापूरकर रोज सकाळी दौंडचा आकडा बघतात. पोटात अंडी धरलेली मादीही, तिच्या परीनं, त्याचीच वाट बघत असते. पूर फार लांबला तर अंडी तिच्या शरीरातच जिरून जातात. 1957 च्या जुलैत मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवली, म्हणून आज बोटुकली विकत मिळते. नदीत आपसूक होणारं ते काम मात्र होत नाही.

पाणी उतरणं सर्वस्वी वाईट नाही. उघड्या गाळपेर जमिनीवर गवत उगवतं, जनावरं चरतात, कोणी चारा पेरतं. पुन्हा पाणी चढलं, की ते सारं कुजून त्यावर सूक्ष्मजीव माजतात आणि पिल्लांना रांधलेलं ताट मिळतं. 2024 मध्ये जूनला तळाला गेलेली उजनी ऑगस्टमध्ये भरून वाहिली, तेव्हा बुडालेला प्रत्येक चिखलाचा पट्टा खाद्याचं कोठार झाला असणार. प्रश्न एवढाच, की जेवायला कोण उरलं होतं.

म्हणून माझा आक्षेप पाणी वापरण्याला नाही. ऊस पिकावा की नाही हा वाद इथं नको. सोलापूरची तहान आणि आषाढीला चंद्रभागेत सोडायचं पाणी, दोन्ही खरी गरज आहे. आक्षेप वेळापत्रकाला आहे. कालवा सल्लागार समिती आवर्तनं ठरवते तेव्हा किती टीएमसी आणि कोणाला, हे बोललं जातं. किती वेगानं, कोणत्या पंधरवड्यात आणि कुठवर, हे माशाच्या बाजूनं कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाकडे याचा साधा दाखला आहे. वसंतात पाच फूट खोलीवरचं पाणी 65 अंश फॅरनहाइटला पोचलं, की ते आपल्या जलाशयांची पातळी दोन आठवडे होता होईल तो स्थिर ठेवतात, काठाशी विणणाऱ्या बास आणि क्रॅपीसाठी. वीज, पूरनियंत्रण, नौकानयन सांभाळूनच हे करतात. आपला ऋतू वेगळा, मासे वेगळे, त्यामुळे आकडेही आपले आपणच काढावे लागतील: उणे किती टक्क्यांच्या खाली जायचं नाही, शून्याखाली गेल्यावर वडाप कोणत्या डोहात पूर्ण बंद, आणि जुलैत वरच्या एखाद्या धरणातून काही दिवस तरी पुराचं पाणी खाली येऊ द्यायचं का.

त्या बैठकीत भिगवणचा किंवा कुंभारगावचा एक मासेमार बसवला, तर यातला पहिला आकडा तो कागद न बघता सांगेल. पळसदेवच्या देवळाची कोणती पायरी उघडी पडली की जाळ्यात नुसती पिल्लं येऊ लागतात, हे त्याला माहीत असतं.