घर गळतंय आणि घटस्फोट चालू आहे : दुरुस्तीचं बिल कोणी भरायचं?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना झालेले "म्हणजे" आणि "अं" काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आधीच सांगतो, मी वकील नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, मूळ गाव पोलादपूर तालुक्यात. आजचा विषय पुस्तकातून नाही, माझ्याच व्हॉट्सअ‍ॅपमधून आलाय.

लग्नानंतर आम्ही महाडला वन बीएचके घेतला. दोघांच्या नावावर, वरच्या मजल्यावर. २०२१ च्या जुलैतला पूर ज्यांनी पाहिलाय, ते महाडात तळमजला घेताना दहा वेळा विचार करतात. आम्हीही केला. पाणी खालून येणार नाही एवढंच बघितलं, वरून येईल हे डोक्यातच आलं नाही.

नंतर आमचं जमलं नाही. ती एमआयडीसीत नोकरी करते, म्हणून फ्लॅटमध्ये तीच राहिली. मी पुण्याला रूम घेतली. परस्पर संमतीचा अर्ज केला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिने थांबावं लागतं. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय की योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं, पण आमची माफ झाली नव्हती. आणि नेमक्या त्या सहा महिन्यांत पावसाळा आला.

एका रात्री तिचा मेसेज : "बेडरूमच्या स्लॅबमधून पाणी येतंय. मिस्त्री ४८ हजार म्हणतोय. निम्मे पाठव."

मी उत्तर दिलं : "राहतेस तू, भर तू. हप्ता मी भरतोय ना?"

पुढे १९ दिवस आम्ही भांडलो. या १९ दिवसांत पाणी भिंतीतून स्विचबोर्डात उतरलं आणि बोर्ड जळला. नशिबाने ती तेव्हा ड्यूटीवर होती. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, पाऊस काय कोर्टाची तारीख बघून पडतो?"

मग मी वकील मॅडमकडे गेलो. त्यांनी भांडण बाजूला ठेवलं आणि बिलाचे तुकडे करायला लावले. आजचा भाग त्या तुकड्यांबद्दल आहे.

पहिला प्रश्न : हे बिल तुमचं आहे का?

४८ हजारांत तीन कामं होती. गच्चीचं वॉटरप्रूफिंग ३० हजार, वायरिंग ७ हजार, आतलं प्लास्टर आणि रंग ११ हजार.

मॅडम म्हणाल्या, "गच्ची तुमची आहे का हो?" नव्हती. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे छताची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती हे सोसायटीचं काम. आम्ही दोघं ज्या ३० हजारांवरून भांडत होतो, ते आमचे नव्हतेच! तिने सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला. पावसाळ्यापुरती ताडपत्री टाकली, पक्कं काम दिवाळीनंतर सोसायटीने केलं.

म्हणून आधी विचारा : सोसायटीचं आहे का, विम्यात बसतं का, सरकारी मदत मिळते का. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने ३ ऑगस्टला ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात घरांच्या पडझडीची मदतही होती. अशी मदत पंचनामा होऊन एकाच्या खात्यात येते. खातं एकाचं असलं तरी पैसा घरासाठी असतो. तो आधी बिलातून वजा करा आणि उरलेलंच वाटा.

दुसरा प्रश्न : घर कोणाच्या नावावर?

माझा समज होता की हप्ता मी भरतो, म्हणजे घर माझं. काही मित्रांचा उलटा समज आहे, लग्न झालं की अर्धं बायकोचं. महाराष्ट्रात दोन्ही चूक. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, तिथे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. आपल्याकडे लग्नाने आपोआप निम्मा हिस्सा मिळत नाही, आधी दस्तावरचं नाव बघतात.

दोघांची नावं असतील तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ४५ बघा. स्वतःच्या वेगवेगळ्या पैशातून एकत्र घर घेतलं, तर ज्याने जेवढे घातले तेवढा त्याचा हिस्सा. पुरावा नसेल तर सारखा धरतात. माझे हप्ते होते, पण सुरुवातीचे तीन लाख तिच्या एफडीतून गेले होते. ते मी १९ दिवस सोयीस्कर विसरलो होतो.

कर्ज ही आणखी वेगळी गोष्ट. दोघांनी सही केली असेल तर बँक दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. "आमचं ठरलंय, आता ती भरणार" हे बँकेला लागू होत नाही.

तिसरा प्रश्न : झीज की दुरुस्ती?

नळाचा वॉशर, बल्ब, गॅसची शेगडी, नेहमीची साफसफाई : हे राहणाऱ्याने भरावं. स्लॅब, वायरिंग, पाइपलाइन, गळतीने पडलेलं प्लास्टर : याने घराची किंमत टिकते, म्हणून मालकांनी हिश्शाप्रमाणे. मॉड्युलर किचन, नवं पीओपी : ही हौस. ज्याला हवं त्याने, आणि आधी विचारून.

हे मॅडमनी सांगितलेलं व्यवहाराचं माप आहे, कायद्याचं कलम नाही. हिंदू विवाह कायद्यात घराच्या दुरुस्तीचं असं कलमच नाही. म्हणूनच आधी ठरवणं महत्त्वाचं. एकाने न विचारता खर्च केला, तर दुसऱ्याकडून तो वसूल होईलच याची खात्री नसते.

घर सासू-सासऱ्यांचं असेल तर?

आमच्या पोलादपूरकडच्या गावांत हे जास्त दिसतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर सासऱ्यांचं नाव, नवरा मुंबईला, सून गावी. कौलं काढून पत्रे टाकायचे तर पैसे सुनेच्या बचत गटाच्या कर्जातून. आमच्या नात्यातल्या एका ताईचं असंच झालं. पुढे दोघं वेगळे झाले, आणि पत्र्यांचे पैसे कोणी काढलेच नाहीत.

इथे दोन हक्क वेगळे ठेवा. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने बाईला सामायिक घरात राहायचा हक्क आहे. ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी तेवढ्यावरून हक्क जात नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. पण राहायचा हक्क म्हणजे मालकी नाही. सासऱ्यांच्या घरावर पत्रे टाकले म्हणून घरात हिस्सा मिळत नाही. तेव्हा पैसे घालताना "हे उसने" असं लिहून घ्या, आणि बिल स्वतःच्या नावावर करा. तेव्हा वाईट दिसतं, मला माहितीये. पण नंतर हातात तेवढंच उरतं.

पोटगीचा अर्ज असेल तर दोघांनाही उत्पन्न, खर्च आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हा नियम रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरच्या प्रकरणातून आलाय, निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. दुरुस्तीचा खर्च केला असेल तर तो तिथे मांडा. परस्पर "पोटगीतून कापला" असं करू नका.

आता आपल्या फोनमधलं काम

१. काम सुरू व्हायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ. मूळ फाइल ठेवा, फक्त स्टेटसवर टाकून डिलीट करू नका.

२. दोन मिस्त्र्यांचे अंदाज, कामांप्रमाणे तुकडे केलेले.

३. एक मेसेज, टोमणा न मारता : काम कोणतं, रक्कम किती, तुझा वाटा किती, कधीपर्यंत उत्तर हवं. गळती किंवा वीज असेल तर ४८ तास पुरे.

४. पैसे थेट मिस्त्रीला यूपीआयने, नोटमध्ये कामाचं नाव. रोख दिले तर सहीची पावती.

५. दोघांनी एक ओळ लिहावी : "हा खर्च घरासाठी आहे, याने कोणाच्याही हक्कावर परिणाम होत नाही."

६. चॅट डिलीट करू नका, फोन बदलताना बॅकअप घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. नुसती स्क्रीनशॉटची प्रिंट पुरत नाही.

७. शेवटच्या संमतीच्या अटींत दुरुस्तीचा हिशोब लिहून घ्या, आणि घर विकेपर्यंतची पुढची दुरुस्तीही.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

आमचा हिशोब

गच्ची गेली सोसायटीकडे. उरले वायरिंगचे ७ आणि प्लास्टर-रंगाचे ११, एकूण १८ हजार. माझा वाटा झाला असता ९ हजार. पण बोर्ड जळल्यामुळे वायरिंग १६ हजारांवर गेलं. वरचे ९ हजार माझ्या हट्टाचे होते, ते मीच भरले. म्हणजे ९ वाचवायला गेलो आणि १८ दिले.

पैसे पाठवल्यावर तिने पावतीचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "मिळाले. लाइट चालू झाली." मी "ठीक" लिहिलं. बऱ्याच महिन्यांनी आमचं टोमण्याशिवायचं बोलणं झालं. नातं जुळलं नाही, जुळणारही नव्हतं. पण दुसऱ्या तारखेला कोर्टाबाहेर आम्ही एकाच बाकावर बसून अटी वाचल्या, आणि घराच्या कलमावर दोघांनाही काही म्हणायचं नव्हतं.

तुमच्याकडे असं काही चालू असेल तर आज रात्री भांडू नका. बिलाचे तुकडे करा, मग फोन करा. आणि भिंत ओली असेल तर आधी मेन स्विच बंद करा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.