ड्युटी संपली, तरी चाक फिरते!

घरचा माणूस ट्रकवर असला की त्याची ड्युटी कधी संपते, हे घरातल्या बाईलाही सांगता येत नाही. अमेरिकेत कायद्याने मालट्रकच्या ड्रायव्हरला सलग 10 तास विश्रांतीनंतर 14 तासांच्या आत 11 तासच गाडी चालवता येते. डिसेंबर 2017 पासून बहुतेक ट्रकांत ही नोंद यंत्र ठेवते.

सुटी झाल्यावर तोच ट्रक घेऊन जेवायला गेला तर? 2018 च्या सरकारी खुलाशाप्रमाणे तो वेळ त्याचा स्वतःचा, ट्रकात माल असला तरी. माल उतरवताना तास संपले, तर जवळच्या सुरक्षित जागी झोपायला जाणेही चालते. पण पुढचा माल जवळ पडावा म्हणून ट्रक पुढे नेला, तर ते मालकाचे काम. ते विश्रांतीत लिहिले की झोप कागदावरच! हजेरीपट लिहिणारे आम्ही कारकून, अशी विश्रांती आम्हाला चांगली ठाऊक आहे. आणि ही सवलत मुळीच न देण्याची मुभा मालकाला आहेच.