ना हॅकर, ना पासवर्डची चोरी, तरी कंपनीचा डेटा बाहेर कसा जातो?

ऑक्टोबर 2018. ब्राह्मोस एरोस्पेसच्या नागपूर युनिटमधल्या एका तरुण इंजिनिअरला पाकिस्तानसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपाखाली अटक झाली आणि देशभर खळबळ उडाली. जून 2024 मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. पण डिसेंबर 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीच्या आरोपांतून त्याची सुटका केली.

एक दोष मात्र कायम राहिला. गोपनीय फाईल्स त्याच्या पर्सनल लॅपटॉपवर होत्या आणि त्यांची योग्य काळजी घेतली गेली नव्हती. त्यासाठी 3 वर्षांची शिक्षा, जी त्याची आधीच भोगून झाली होती.

तपास यंत्रणांचं म्हणणं असं होतं, की सोशल मीडियावरच्या फेक प्रोफाईलने नोकरीचं आमिष दाखवून त्याला ॲप डाऊनलोड करायला लावले आणि त्यातून लॅपटॉपमध्ये मालवेअर शिरलं. पण फाईल पर्सनल लॅपटॉपवर नसतीच, तर मालवेअरला तिथे मिळालं काय असतं?

आता त्याच वर्धा रोडवरच्या मिहानमध्ये या. इथे टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, ल्युपिनचा औषध कारखाना आहे. क्षेपणास्त्रं नाहीत, पण क्लायंटचा डेटा, सोर्स कोड, औषधाचा फॉर्म्युला हा माल काही कमी किमतीचा नसतो. तो बाहेर जाऊ नये म्हणून मोठ्या कंपन्या वापरतात ती सिस्टीम म्हणजे डेटा लॉस प्रिव्हेन्शन, थोडक्यात डीएलपी.

आधी कुठली फाईल सार्वजनिक, कुठली गोपनीय हे ठरवून तसं लेबल लावलं जातं. मग ऑफिसच्या लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर फाईल कुठे चालली आहे यावर नजर ठेवतं. पेनड्राईव्ह, पर्सनल जीमेल, गुगल ड्राईव्ह दिसलं की थांबवतं. लेबल नसलं तरी मजकूर ओळखू येतो. पॅन नंबर म्हणजे 5 अक्षरं, 4 आकडे, 1 अक्षर. कार्ड नंबरचा शेवटचा आकडा तर आधीच्या आकड्यांवरून गणिताने निघतो, त्यामुळे 16 आकड्यांचा कुठलाही नंबर दिसला म्हणून उगाच अलार्म वाजत नाही.

पण स्क्रीनचा मोबाईलने फोटो काढला तर? तिथे डीएलपी हतबल. म्हणूनच काही प्रोजेक्टच्या फ्लोअरवर मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दुसरी पळवाट चॅटबॉट. 2023 मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला होता. हेतू चोरीचा नव्हता, काम लवकर उरकायचं होतं. कंपनीला शेवटी अशा टूल्सवर बंदी आणावी लागली.

नुसती बंदी घालून भागत नाही हेही खरं. साधी फाईल पाठवायला तीन परवानग्या लागल्या, की लोक सरळ व्हॉट्सॲप उघडतात. आणि त्या फाईलमध्ये ग्राहकांची माहिती असेल, तर प्रकरण कंपनीपुरतं राहत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, पुरेशी सुरक्षा न ठेवल्याने डेटा फुटला तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.