कॅक्टसमधील अल्कलॉइडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अल्कलॉइडे म्हणजे सजीवांत, विशेषतः वनस्पतींत, तयार होणारी, नायट्रोजनयुक्त आणि बहुधा अल्कधर्मी असलेली सेंद्रिय संयुगे. कॉफीतील कॅफीन व तंबाखूतील निकोटीन ही त्यांची परिचित उदाहरणे होत. कॅक्टस कुळाच्या संदर्भात मात्र भ्रमकारक मेस्कलीन तेवढे आठवते आणि या कुळातील सारीच अल्कलॉइडे मादक असल्याचे गृहीत धरले जाते. वास्तविक मेस्कलीन लक्षणीय प्रमाणात आढळते ते मेक्सिको-टेक्सासमधील पेयोटे, अँडीजमधील सान पेद्रो अशा मोजक्याच जातींत. पेयोटेच्या परिणामाचे मूळ हेच द्रव्य असल्याचे 1897 मध्ये आर्थर हेफ्टर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून दाखवले. परंतु त्यानेच पेयोटेतून वेगळे केलेले पेलोटीन भ्रम नव्हे, झोप आणते. अनेक कॅक्टसांत आढळणारे हॉर्डेनीन तर मोड आलेल्या सातूतही असते.

पेयोटेवरील लोकरीसारख्या पांढऱ्या केसांत स्ट्रिक्नीन हे विष असते, ही समजूतही निराधार आहे. स्ट्रिक्नीन मिळते ते कोकणात काजरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वृक्षाच्या बियांतून, आणि त्या वृक्षाचा कॅक्टसशी काहीही संबंध नाही. महाराष्ट्रात नावामुळे आणखी एक घोटाळा होतो. कुंपणाला लावला जाणारा, पांढरा चीक असलेला निवडुंग एरंडाच्या कुळातील असून त्याच्या चिकाने त्वचेची व डोळ्यांची जी आग होते ती डायटर्पीन गटातील संयुगांमुळे, अल्कलॉइडांमुळे नव्हे. फड्या निवडुंग मात्र अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस आहे.

अल्कलॉइडे वनस्पतीच्या दृष्टीने निरुपयोगी असतात, हा समज सर्वांत दिशाभूल करणारा आहे, कारण तो माणसावरील परिणामालाच त्यांचे प्रयोजन मानतो. सोनोरा वाळवंटातील सेनिता या कॅक्टसमध्ये लोफोसेरीन आणि पायलोसेरीन ही अल्कलॉइडे इतक्या प्रमाणात असतात, की त्याच्या कुजणाऱ्या खोडात त्या वाळवंटातील इतर फळमाश्यांच्या अळ्या तग धरू शकत नाहीत. ड्रोसोफिला पाकिया ही एकच फळमाशी ते विष सहन करते आणि म्हणूनच तेथे निर्वेधपणे वाढते; मात्र या मुभेची किंमतही मोठी आहे, कारण अळीची कात टाकण्याची क्रिया घडवणारे संप्रेरक तयार करण्यासाठी तिला सेनितातीलच विशिष्ट स्टेरॉल लागतात, आणि ते न मिळाल्यास तिची वाढ पूर्ण होत नाही.