बेंदराच्या बैलाला सुई टोचा!

मायबहिणींनो, कुंडल-पलूसकडच्या ऊसपट्ट्यात घरोघरी एक धाक अजून ऐकू येतो: “गप बस, नाहीतर डॉक्टरला सांगून सुई मारायला लावीन!” पोर तेवढ्यापुरतं गप्प बसतं खरं, पण डॉक्टर म्हणजे शिक्षा, हे त्याच्या मनात पक्कं बसतं. मग दवाखान्याची पायरी दिसली की ते भोकाड पसरतं.

नुसत्या रडण्यावर भागलं तर ठीक. पण उसाच्या सरीत विंचवानं डंख मारला किंवा साप चावला, आणि ‘सांगितलं तर सुई टोचतील’ म्हणून पोरानं ते लपवलं तर? तिथं वेळ दवडून चालत नाही. पाच ते सहा वर्षांच्या वयात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताचा डोस असतो. पोर आकांत करतं म्हणून तोही ‘पुढच्या खेपेला बघू’ करत राहून जातो.

शेतकऱ्याच्या पोराला आणखी एक भीती असते. लाळ-खुरकताची लस देताना म्हशीला टोचलेली जाड सुई त्यानं गोठ्यात पाहिलेली असते. आपल्यालाही तीच टोचणार, असं त्याला वाटतं. माणसांची सुई बारीक असते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं!

यावर खेळासारखा उपाय नाही. बेंदराचा मातीचा बैल फळीवर असेल तर तो घ्या, नाहीतर चिंधीची बाहुली. बैल आजारी, पोर डॉक्टर, तुम्ही बैलाचे मालक. सुतळीला बाटलीचं बूच बांधलं की डॉक्टरांची नळी झाली. बोथट काडी ही सुई. पोर बैलाला काय सांगतं ते कान देऊन ऐका. त्याच्या मनातली भीती तिथंच बाहेर पडते. टाकाऊ सिरिंज मात्र, सुई काढलेली असली तरी, खेळायला देऊ नका. गोठ्यातली तर मुळीच नको. जर्मनीत वैद्यकीचे विद्यार्थी असाच ‘अस्वलांचा दवाखाना’ मांडतात आणि पोरं आपली कापडी अस्वलं तपासायला आणतात.

लस टोचायच्या दिवशी “दुखणार नाही” असं खोटं सांगू नका. “मुंगी चावल्यागत होईल, मी मांडीवर घेऊन बसेन, दोघं मिळून दहा आकडे मोजू,” असं सांगा. घरी आल्यावर तोच खेळ पुन्हा मांडा. या खेपेला बहुधा आजोबांनाच दंड पुढं करावा लागेल.